काशी हिंदू विश्वविद्यालयातील पहिली पाहुणी व्याख्याने : फेब्रुवारी १९१६

विद्यापीठाचा इतिहास लिहिताना अधिनियम, देणग्या, इमारती आणि कुलगुरूंच्या कारकीर्दी यांची नोंद कटाक्षाने केली जाते. विद्यापीठाच्या मांडवात बाहेरून येऊन बोलून गेलेल्या पाहुण्यांची नोंद मात्र वार्षिक अहवालातील एखाद्या ओळीपलीकडे सहसा जात नाही. वस्तुतः पाहुण्या वक्त्यास संस्थेत पद नसते व तिच्या शिस्तीचे बंधनही नसते. त्यामुळे यजमानांस काय ऐकावयाचे आहे आणि काय ऐकून घेण्याची त्यांची तयारी आहे, यांतील अंतर त्याच्या व्याख्यानात अकस्मात उघडे पडते. काशी हिंदू विश्वविद्यालयाच्या स्थापनासमारंभात हे अंतर जितक्या स्पष्टपणे दिसले तितके ते क्वचितच दिसले असेल.

१

या विश्वविद्यालयाचा अधिनियम १९१५ मध्ये संमत झाला. १८९८ साली श्रीमती अ‍ॅनी बेझंट यांनी काशीत काढलेले सेंट्रल हिंदू कॉलेज हे त्याचे मूळ पीठ होते. एक कोटी रुपयांच्या निधीचा संकल्प करून पंडित मदनमोहन मालवीय देशभर हिंडले होते. दरभंगाचे महाराज सर रामेश्वर सिंह यांचे त्यांस पाठबळ होते, आणि निधीचा मोठा भाग संस्थानिकांकडून यावयाचा होता. सरकारची अनुकूलता, संस्थानिकांचे औदार्य आणि सुशिक्षितांचा उत्साह या तीन आधारांवर ही संस्था उभी राहात होती. यांपैकी एकही आधार दुखावणे चालकांस परवडणारे नव्हते.

४ फेब्रुवारी १९१६ रोजी व्हाइसरॉय लॉर्ड हार्डिंग यांच्या हस्ते कोनशिला बसविण्यात आली. समारंभास जोडून पुढील काही दिवस व्याख्याने योजिली होती. आचार्य जगदीशचंद्र बोस व आचार्य प्रफुल्लचंद्र राय यांच्यासारखे शास्त्रज्ञ व स्वतः बेझंटबाई वक्त्यांत होत्या. योजनेमागील हेतू उघड आहे : नव्या विद्यापीठाचे ध्येय श्रेष्ठ विद्वानांच्या मुखातून प्रकट व्हावे आणि दात्यांस आपल्या दानाचे सार्थक झाल्याचे समाधान लाभावे.

२

६ फेब्रुवारीच्या सायंकाळी मोहनदास करमचंद गांधी बोलावयास उभे राहिले. दरभंगाचे महाराज अध्यक्षस्थानी होते. व्यासपीठावर संस्थानिक व बेझंटबाई आणि समोर मुख्यतः विद्यार्थी होते. गांधी ९ जानेवारी १९१५ रोजी हिंदुस्थानात परतले होते. वर्षभर देश पाहावा, सार्वजनिक प्रश्नांवर मत देऊ नये, असे वचन गोपाळ कृष्ण गोखले यांनी त्यांजकडून घेतले होते. गोखले फेब्रुवारी १९१५ मध्ये निवर्तले. वचन पाळले गेले. त्याची मुदत संपल्यावर थोड्याच दिवसांनी झालेले हे व्याख्यान गांधींच्या पुढील राजकारणाची पहिली खूण होय.

भाषणाचा आरंभच यजमानांस अडचणीचा होता. या पवित्र नगरीत स्वदेशबांधवांशी परकीय भाषेत बोलावे लागते, ही आपणांस लज्जेची गोष्ट वाटते, असे त्यांनी इंग्रजीतच सांगितले. या संदर्भात त्यांनी पुण्याच्या काही प्राध्यापकांशी झालेल्या संभाषणाचा दाखला दिला. इंग्रजीतून ज्ञान मिळवावे लागल्यामुळे प्रत्येक हिंदी तरुणाची किमान सहा वर्षे वाया जातात, असे त्या प्राध्यापकांचे मत होते. या सहा वर्षांस विद्यार्थ्यांच्या संख्येने गुणा, म्हणजे राष्ट्राची किती सहस्र वर्षे गेली ते कळेल, असा गांधींचा हिशेब होता. बोस आणि राय यांचे संशोधन सामान्य जनांच्या मालकीचे झाले नाही, ही लज्जेची गोष्ट आहे, असेही त्यांनी सांगितले. ज्या विद्वानांमुळे समारंभास शोभा आली, त्यांच्याच कार्याच्या आधारे शिक्षणपद्धतीवर टीका झाली.

यानंतर विषय नगराकडे वळला. विश्वनाथाच्या मंदिराभोवतीच्या गल्ल्यांतील घाण व आगगाडीच्या तिसऱ्या वर्गातील प्रवाशांच्या सवयी यांचे वर्णन करून, ज्यांस देवालय स्वच्छ ठेवता येत नाही त्यांचे स्वराज्य कसे असेल, असा प्रश्न त्यांनी केला. पुढील टीका व्यासपीठावर होती. आदल्या दिवशी देशाच्या दारिद्र्यावर भाषणे झाली. पण कोनशिलेच्या मांडवात जडजवाहिराचे प्रदर्शन दिसले. संस्थानिकांनी ही रत्ने उतरवून देशबांधवांसाठी विश्वस्त म्हणून बाळगल्याखेरीज देशाचा उद्धार नाही, आणि उद्धार व्हावयाचा तो शेतकऱ्याकडूनच, असे त्यांचे प्रतिपादन होते.

येथवर सभेने ऐकून घेतले. व्हाइसरॉयच्या रक्षणासाठी काशीच्या रस्त्यांवर पेरलेल्या गुप्त पोलिसांचा विषय निघाला, तेव्हा मात्र वातावरण पालटले. १९१२ च्या डिसेंबरात दिल्लीत हार्डिंग यांच्यावर बाँब पडला होता, हे येथे ध्यानात घेतले पाहिजे. अशा अविश्वासात जगण्यापेक्षा मरण बरे नव्हे काय, असे विचारून गांधी क्रांतिकारकांकडे वळले. त्यांच्या देशप्रेमाचा त्यांनी गौरव केला. त्यांच्या मार्गाचा निषेध केला. बेझंटबाईंनी भाषण थांबविण्यास सांगितले. गांधींनी अध्यक्षांची आज्ञा मागितली, श्रोत्यांतून पुढे चालू ठेवण्याचा आग्रह झाला, आणि अध्यक्षांनी हेतू स्पष्ट करावयास सांगितले. थोड्याच वेळात व्यासपीठावरील मंडळी उठून गेली आणि सभा अर्धवट मोडली.

३

या प्रसंगाचा उलगडा व्यक्तींच्या स्वभावांवरून करण्याचा प्रघात आहे. तो पुरेसा नाही. नंतरच्या वृत्तपत्रीय वादात बेझंटबाईंनी आपल्या कृतीचे समर्थन केले. गांधींच्या शब्दांचा विपरीत अर्थ लावला जाईल, ही त्यांची भीती होती. अडथळा आला नसता तर आपण काही मिनिटांतच भाषण संपविले असते व गैरसमज उरला नसता, असे गांधींचे उत्तर होते. पुढच्याच वर्षी, जून १९१७ मध्ये, सरकारने बेझंटबाईंनाच स्थानबद्ध केले. तेव्हा त्यांच्या ठिकाणी धैर्य नव्हते असे म्हणता येत नाही. ज्या संस्थेस सरकार व संस्थानिक या दोघांचीही गरज होती, तिच्या पालक या नात्याने त्यांनी हस्तक्षेप केला, असे मानणे अधिक सयुक्तिक होय. गांधींवर असा भार नव्हता. दोघांच्या भूमिकांतील भेद मुख्यतः स्थानाचा होता.

भाषणाच्या पाठाविषयीही सावधगिरी हवी. प्रचलित इंग्रजी पाठ छपाईपूर्वी गांधींच्या हातून गेलेला आहे. त्यामुळे युक्तिवादाचा क्रम त्यावरून विश्वासाने घेता येतो. प्रत्यक्ष उच्चारलेल्या शब्दांविषयी तितका आग्रह धरता येत नाही.

व्याख्यानाचा सर्वांत दूरगामी परिणाम सभेत नसलेल्या एका तरुणावर झाला. कुलाबा जिल्ह्यातील गागोदे येथे जन्मलेले व बडोद्यास शिकत असलेले विनायक नरहर भावे मार्च १९१६ मध्ये इंटरच्या परीक्षेसाठी मुंबईस निघाले. ते सुरतेस उतरून काशीस गेले. तेथे गांधींच्या भाषणाची चर्चा अद्याप शमली नव्हती. वृत्तपत्रातील वृत्तांत वाचून भावे यांनी शंका विचारणारे पत्र गांधींस लिहिले. पत्रव्यवहार वाढला आणि ७ जून १९१६ रोजी कोचरबच्या आश्रमात दोघांची भेट झाली. हेच पुढे विनोबा म्हणून प्रसिद्धीस आले. मोडलेली सभा वृत्तपत्रांच्या द्वारे सभामंडपाबाहेर चालू राहिली, याचे हे ठळक उदाहरण आहे.

विश्वविद्यालयाने या पाहुण्यास कायमचे दूर ठेवले नाही. २१ जानेवारी १९४२ रोजी, डॉ. सर्वपल्ली राधाकृष्णन कुलगुरू असताना, रौप्यमहोत्सवी पदवीदान समारंभाचे भाषण गांधींनीच केले. मालवीयजी त्या वेळी वयोवृद्ध झाले होते. गांधी या खेपेस हिंदुस्थानीत बोलले. विषय पुन्हा शिक्षणाच्या माध्यमाचाच होता. प्रवेशद्वारावरील नामफलकात नागरी अक्षरांपेक्षा इंग्रजी अक्षरांस अधिक जागा दिलेली त्यांच्या नजरेस आली होती, आणि तेही त्यांनी यजमानांस सांगितले. सव्वीस वर्षांपूर्वीची तक्रार अनुत्तरितच होती. मात्र ती या वेळी शेवटपर्यंत ऐकून घेण्यात आली.