नळीचा व्यास आणि राज्यकर्त्यांचा संशय

मलकापूर सोडून भुसावळकडे निघालेली गाडी बुलढाणा जिल्ह्याची हद्द ओलांडते आणि पुढे वरणगाव लागते. तेथे १९६४ साली काडतुसांचा सरकारी कारखाना उभा राहिला. १९६२ च्या युद्धानंतरचा तो काळ, सेना ‘.३०३’ सोडून ७.६२ मिलिमीटरकडे वळत होती. त्याच सुमारास बंगालमधील इशापूरच्या कारखान्याने जुन्या ली-एनफिल्डच्याच घाटाची, परंतु नव्या काडतुसाची रायफल घडविली. ही जुन्या रायफलीला नवी नळी लावलेली जोडाजोड होय, असा समज आढळतो. तो खरा नाही. नळी आट्यांवर बसते, ती उकलता येते, हे खरे. पण नव्या काडतुसाचा दाब अधिक, आणि ‘.३०३’च्या बुडाशी असलेली बाहेर आलेली कड त्याला नाही. म्हणून इशापूरने अधिक मजबूत पोलाद वापरून ही रायफल नव्यानेच घडविली. जुन्या रायफलींच्या नळ्या बदलल्या त्या ब्रिटनने, १९७० च्या सुमारास, आपल्या नेमबाजांसाठी.

आम्हांला अधिक महत्त्वाचा वाटतो तो या व्यासामागचा संशय. १८५७ नंतर देशी शिपायांच्या हाती दिलेल्या एनफिल्डच्या नळीतील पीळदार खाचा काढून ती गुळगुळीत करण्यात आली. नेम लांबवर लागू नये, हा हेतू उघड होता. पहिल्या महायुद्धानंतर पोलिसांसाठी ‘.३०३’ रायफलींच्याच ‘.४१०’ मस्कती केल्या गेल्या. त्यांचे गोळ्यांचे घर लाकडी ठोकळ्याने बुजविलेले असे. एक बार, मग पुन्हा हाताने काडतूस भरणे! स्वतःच्या पोलिसावरही ज्या सत्तेचा विश्वास नव्हता, तिने प्रजेवर तो कुठून ठेवावा?

प्रजेसाठी ‘.३०३’ निषिद्ध ठरले, ते सैन्याचे काडतूस म्हणून. मग शिकारी आणि जमीनदारांसाठी ‘.३१५’ आले. गंमत अशी, की हे काडतूसही मुळात ऑस्ट्रिया-हंगेरीच्या सैन्याचे, मानलिखर रायफलीचे. आक्षेप काडतुसाच्या ताकदीला नव्हताच. प्रजेला सरकारी कोठारातील गोळी वापरता येऊ नये, एवढीच खबरदारी होती.

स्वातंत्र्यानंतर १९५९ चा शस्त्र कायदा आला, पण निषिद्ध बोअरची कल्पना टिकली. रानडुकरांपासून पीक राखण्यासाठी परवाना मागणाऱ्या आमच्या वऱ्हाडातील शेतकऱ्यालाही ‘.३०३’ मिळत नाही. सरकारी कारखान्यांनी त्याच्यासाठी ‘.३१५’ बनविली, आणि तिचा बोल्ट व सांगाडा ली-एनफिल्डच्याच वळणाचा ठेवला.