मेटल सॉनिक
सेगा या जपानी कंपनीच्या ‘सॉनिक द हेजहॉग’ या व्हिडिओ खेळमालेतील यंत्ररूप प्रतिनायक. रोबॉटनिक (जपानी आवृत्त्यांत एगमन) या दुष्ट शास्त्रज्ञाने नायक सॉनिक याची धातूची प्रतिकृती म्हणून त्याला घडविले, अशी खेळातील कल्पना आहे. तो प्रथम ‘सॉनिक सीडी’ (१९९३) या खेळात अवतरला. त्याचे आरेखन काझुयुकी होशिनो यांनी केले.

वेगवेगळ्या उंचीवरील फलाटांवरून पात्राला धावावयास व उड्या मारावयास लावणे, हे प्लॅटफॉर्म खेळाचे मुख्य लक्षण. ‘डाँकी काँग’ (१९८१) या खेळाने हा प्रकार लोकप्रिय केला. त्या काळातील यंत्रांची स्मृती अत्यल्प असल्याने शत्रूच्या हालचाली मोजक्याच ठेवाव्या लागत. तो ठराविक अंतर चाले, कड आली की वळे आणि पुन्हा तेच करी. सजीव प्राण्याच्या बाबतीत हे वर्तन विचित्र वाटते. यंत्राच्या बाबतीत मात्र ते स्वाभाविकच ठरते. शत्रूला यंत्राचे रूप दिले, की आज्ञावलीची मर्यादा हाच त्याचा स्वभाव होतो. कॅपकॉम कंपनीच्या ‘मेगा मॅन’ (जपानी नाव ‘रॉकमॅन’, १९८७) या खेळात तर शत्रूंबरोबर नायकही यंत्रमानवच होता.

१९९१ मध्ये आलेल्या पहिल्या ‘सॉनिक’ खेळाने यंत्रशत्रूच्या कल्पनेत एक महत्त्वाची भर घातली. रोबॉटनिक लहान प्राण्यांना पकडून यंत्रांत कोंडतो. खेळाडूने यंत्र फोडले, की आतील ससा किंवा पक्षी सुटून पळतो. शत्रूचा नाश म्हणजे कैद्याची सुटका, अशी ही योजना होती. मुलांच्या खेळातील हिंसेचा प्रश्न तिने मोठ्या चतुराईने सोडविला. तथापि ही यंत्रे अजूनही वाटेतील अडथळेच होती. नायकाशी त्यांची बरोबरी नव्हती.

पहिल्या खेळानंतर त्याच्या निर्मात्यांची फाटाफूट झाली. युजी नाका आणि हिरोकाझू यासुहारा हे अमेरिकेत गेले आणि तेथे ‘सॉनिक २’ (१९९२) तयार झाला. पात्राचे आरेखक नाओतो ओशिमा जपानमध्येच राहिले व त्यांच्या दिग्दर्शनाखाली मेगा-सीडी या यंत्रासाठी ‘सॉनिक सीडी’ निर्माण झाला. नायकाची यंत्रप्रतिकृती दोन्ही खेळांत आढळते, हे लक्षणीय आहे. जपानी लोकरंजनात ही कल्पना नवी नव्हती. १९७४ च्या चित्रपटात गॉडझिला या राक्षसासमोर त्याचीच यांत्रिक प्रतिमा उभी करण्यात आली होती. ‘सॉनिक २’ मधील रुपेरी प्रतिकृती शेवटच्या टप्प्यात एका बंदिस्त जागेत पुढेमागे झेपावते. ती पहारेकऱ्यापलीकडे जात नाही. होशिनो यांचा मेटल सॉनिक मात्र कथेतील पात्र आहे. निळे धातूचे अंग, धारदार काटे, काळ्या पडद्यावर चमकणारे लाल डोळे आणि धडाच्या मध्यभागी जेट एंजिनाचे वर्तुळाकार मुख अशी त्याची ठेवण आहे. मूळ पात्राची रेषा त्यात कायम आहे. केवळ खेळकरपणा तेवढा काढून घेतला आहे.

‘सॉनिक सीडी’ची कथा ‘लिटल प्लॅनेट’ या चिमुकल्या ग्रहावर घडते. प्रत्येक विभागाचे वर्तमान, भूतकाळ आणि दोन संभाव्य भविष्ये असतात. खुणेच्या खांबाला स्पर्श करून काही काळ अखंड वेग राखल्यास कालांतर घडते. भूतकाळात जाऊन यंत्रे उत्पन्न करणारे साधन फोडल्यास त्या विभागाचे भविष्य हिरवे व शांत होते. ते राहून गेल्यास सर्वत्र गंज आणि धूर. त्याच भूतकाळात मेटल सॉनिकची एक प्रकाशप्रतिमाही दडविलेली असते. ती लहान प्राण्यांना छळताना दिसते. प्रक्षेपक फोडला, की प्रतिमा विरते आणि प्राणी बागडू लागतात. हे साधणे सक्तीचे नाही, त्यामुळे अनेकांच्या नजरेतून ते सुटते. खेळाडूने थांबून, कोपरे धुंडाळून शोध घ्यावा, असे या खेळाला अपेक्षित आहे. वेगासाठी ख्यात असलेल्या नायकाकडून अशी सबुरी मागणे काहींना खटकले. परंतु या खेळाचे खरे वैशिष्ट्य तेच म्हणावे लागेल.

या पार्श्वभूमीवर ‘स्टारडस्ट स्पीडवे’ विभागातील शर्यतीचे महत्त्व कळते. तत्पूर्वीच मेटल सॉनिकने एमी रोझ या पात्राचे अपहरण केलेले असते. आता दोघे शेजारी शेजारी धावतात. मागून रोबॉटनिक आपल्या वाहनातून प्राणघातक किरण सोडीत येतो, त्यामुळे रेंगाळणे अशक्य होते. यंत्र अधूनमधून स्वतःभोवती विजेचे कवच निर्माण करते, तर कधी एकाएकी झेप घेते. एरवी उडी मारून शत्रू फोडणाऱ्या खेळाडूला येथे प्रतिस्पर्ध्याला फोडता येत नाही; त्याच्या आधी पोहोचणे एवढेच त्याच्या हाती असते. नायक पुढे निघून गेला, की दार बंद होते आणि वेगात येणारा मेटल सॉनिक त्यावर आदळून निकामी होतो. उलट झाल्यास दाराबाहेर नायक राहतो. ज्या गुणावर नायकाची ओळख उभी आहे, तोच गुण शत्रूला देऊन त्याची कसोटी पाहणारा इतका नेमका प्रसंग प्लॅटफॉर्म खेळांत विरळाच.

नंतरच्या कृतींनी या प्रतिकृतीला मन दिले. १९९६ च्या जपानी सचेतपटात नायकाची शरीरमाहिती उचललेला मेटल सॉनिक अखेरीस सॉनिकने पुढे केलेला मदतीचा हात झिडकारून लाव्हारसात जातो. ‘सॉनिक हीरोज’ (२००३) या खेळात तो आपल्या निर्मात्यालाच कैद करतो, त्याचे सोंग घेऊन सर्वांना फसवितो आणि खरा सॉनिक आपणच असल्याचा दावा करतो. त्यासाठी तो अवाढव्य राक्षसी रूप धारण करतो. या रूपाशी झालेली झुंज भव्य असली, तरी १९९३ च्या शर्यतीतील निःशब्द धाक तीत उरत नाही. आपण खरे आहोत हे सांगावे लागणारा प्रतिस्पर्धी काहीसा दुबळाच भासतो. ‘सॉनिक जनरेशन्स’ (२०११) व ‘सॉनिक मेनिया’ (२०१७) या खेळांनी त्याला पुन्हा ‘स्टारडस्ट स्पीडवे’वर आणले. २०२४ च्या तिसऱ्या ‘सॉनिक’ चित्रपटाच्या श्रेयनामावलीदरम्यानच्या दृश्यात तो एकटा नव्हे, तर अनेक एकसारख्या प्रतींच्या रूपाने दिसतो.