जेवण धरून किती?

खानदेशात यात्रा कंपनीचा माणूस चारधामचे किंवा काशी-रामेश्वरचे पत्रक घेऊन दारी आला, की पहिला प्रश्न ठरलेला असतो: "जेवण धरीसन ना?" यात्रेच्या बसबरोबर आचारी, शेगड्या, भांडी आणि शेवेचे डबे निघतात. रक्कम माणशी एकच असते आणि वर लागते ती देवळातली दक्षिणा नाहीतर नाववाल्याची मजुरी. भावात काय धरले आहे आणि काय वगळले आहे हे आधी विचारणारे हे गिऱ्हाईक अडाणी नाही. बाजारभावाच्या शास्त्रातला मूळ प्रश्नच ते विचारते. जळगाव-धुळ्याची कुटुंबे आता मुंबईहून सुटणाऱ्या क्रूझची तिकिटे काढू लागली आहेत, तेव्हा तोच प्रश्न जहाजाला लावून पाहावा, एवढाच या विवेचनाचा हेतू.

आधी शब्दाचा घोळ दूर करू. आगबोट आणि क्रूझ या वेगळ्या वस्तू आहेत. आगबोट अंतर विकत असे. मुंबई ते रत्नागिरी इतके पैसे, डेकवर बसलात तर कमी, वरच्या वर्गात जास्त. भाकरी घरची, अंथरूण घरचे. कोकणच्या बोटींचा व्यवहार याच धर्तीचा होता. समुद्रापासून शेकडो किलोमीटर आत असलेल्या खानदेशाचाही या जगाशी संबंध आला तो रेल्वेमार्गे. विलायतेचे टपाल आणि साहेबलोक घेऊन आगबोट बॅलार्ड पिअरला लागली, की तिथल्याच मोल स्थानकातून पंजाब लिमिटेड सुटे आणि भुसावळवरून थेट पेशावरकडे जाई. 1912 च्या सुमारास सुरू झालेली ती गाडी पंजाब मेल या नावाने आजही जळगाव-भुसावळ करते. त्या काळी बोट आणि गाडी मिळून एकच प्रवास होता आणि दोन्हींचा भाव अंतरावर ठरे.

क्रूझ अंतर विकत नाही. दोन रात्रींच्या मुंबई-गोवा-मुंबई फेरीत उतारू जिथून निघाला तिथेच परत येतो, म्हणजे कापलेले अंतर हिशेबाला शून्य. विकला जातो तो मुक्काम. मुक्कामाचा भाव ठरवण्याचे नियम निराळे असतात आणि पुढचे सगळे त्यातून निघते.

दोन तुकड्यांचा भाव

वॉल्टर ओय या अर्थशास्त्रज्ञाने 1971 साली डिस्नेलँडच्या उदाहरणावरून एक कोडे मांडले. जत्रेच्या मालकाने प्रवेशाचे तिकीट महाग ठेवून पाळणे फुकट फिरवावेत, की प्रवेश स्वस्त ठेवून प्रत्येक पाळण्याचे पैसे घ्यावेत? सगळी गिऱ्हाइके सारखी असतील तर पहिली रीत बरी, कारण दारातच सगळे वसूल होते. पण कुणी हौशी, कुणी हात राखून खर्च करणारा, अशी गिऱ्हाइके वेगवेगळी असली की दुसरीकडे झुकणे फायद्याचे ठरते. स्वस्त दाराने दोघेही आत येतात आणि हौशी माणूस पाळण्यांवर आपणहून जास्त देतो.

जहाजाला दुसरी रीत स्वीकारायला आणखी एक सबळ कारण आहे आणि ते रावेर-सावद्याच्या माणसाला सांगावे लागत नाही. कापलेला केळीचा घड वखारीत ठेवून भाव चढण्याची वाट पाहता येत नाही. मिळेल त्या भावात माल गाडीत चढवावाच लागतो. जहाजाची केबिन ही अशीच कापलेली केळी आहे. धक्का सोडला की रिकाम्या केबिनची किंमत शून्य, उलट तीत कुणी झोपला तर तो रात्री सरबत घेईल, फोटो घेईल, मुलाला खेळायला सोडेल. म्हणून तारीख जवळ येताच तिकीट उतरते. उतरलेल्या तिकिटाचा खड्डा आत भरून काढला जातो.

हा अंदाज नव्हे, ताळेबंदात दिसणारी गोष्ट आहे. 2023 साली रॉयल कॅरिबियन कंपनीच्या सुमारे 13.9 अब्ज डॉलर उत्पन्नापैकी जवळपास 4.3 अब्ज जहाजावरच्या व इतर विक्रीतून आले. कार्निव्हलमध्ये हा वाटा तिसऱ्या हिश्शाहूनही थोडा जास्त होता. तिकीट ही प्रवेश फी झाली आहे, बाजार आत भरतो.

आतली रक्कम अलीकडे इतकी का चढली? मार्च 2020 मध्ये जगभरची जहाजे बंद झाली आणि कंपन्या कर्जावर जगल्या. एकट्या कार्निव्हलचे कर्ज 30 अब्ज डॉलरच्या वर गेले होते. ते फेडायचे तर उत्पन्न हवे, आणि तिकीट वाढवणे अवघड, कारण चार कंपन्यांची तिकिटे एजंटाच्या पडद्यावर शेजारी शेजारी दिसतात. तिथे हजार रुपयांनी महाग दिसलेला मागे पडतो. टिप, वायफाय, विशेष जेवणघर यांचे दर कुणी शेजारी मांडून दाखवत नाही. ज्या आकड्याची तुलना होते तो दाबून धरायचा आणि ज्याची होत नाही तो सैल सोडायचा, इतके हे साधे आहे. त्यात 2020 पासून जहाजांच्या इंधनातील गंधकाची जागतिक मर्यादा 0.5 टक्क्यावर आली आणि स्वच्छ इंधन महाग पडू लागले. बंदरांनीही हात पुढे केला. ग्रीसने 2025 च्या जुलैपासून क्रूझ उतारूंवर शुल्क लावले आणि सँटोरिनी व मिकोनोस या बेटांवर ऐन हंगामात ते माणशी 20 युरो ठेवले.

वगळलेल्या खर्चाचे तीन प्रकार

या आतल्या खर्चाची वर्गवारी कंपन्या सेवेच्या नावाने करतात: पेये, इंटरनेट, स्पा वगैरे. उतारूच्या उपयोगाची वर्गवारी वेगळी आहे.

पहिला प्रकार अटळ. बंदरशुल्क, जीएसटी, सेवाशुल्क अथवा टिप. हे तिकिटाचाच भाग आहेत, फक्त जाहिरातीच्या मोठ्या अक्षरांतून बाहेर काढलेले. मोठ्या परदेशी जहाजांवर टिप दिवसाला माणशी साधारण 16 ते 20 डॉलर धरली जाते. चौघांचे कुटुंब, सात दिवस, 18 डॉलर, गुणाकार करा: 504 डॉलर होतात. सिंगापूरहून निघणारे जहाज स्वस्तात मिळाले म्हणून हरखलेल्या माणसाने हा गुणाकार निघण्यापूर्वी करावा. परदेशी पॅकेजवर कापला जाणारा टीसीएस मात्र या यादीत घालू नये. तो विवरणपत्र भरताना करात वळता होतो किंवा परत मिळतो. पैसा अडकतो, पण बुडत नाही.

दुसरा प्रकार टाळता येण्याजोगा: स्पा, फोटो, कसिनो, विशेष जेवणघर. यावर लिहिण्यासारखे फार नाही. नको असेल तर घेऊ नये.

खरी गफलत तिसऱ्या प्रकारात होते. त्याला मी घसरणीचा खर्च म्हणतो. जहाजावर रोकड चालत नाही. केबिनचे दार उघडणारे कार्ड हेच खाते असते आणि मुलांच्या हातातही ते असते. किराणा दुकानातल्या उधारीच्या वहीत निदान दुकानदार मोठ्याने रक्कम वाचून लिहितो, इथे नुसता 'टुक' असा आवाज येतो. वायफाय हे घसरणीचे नमुनेदार उदाहरण आहे. किनारा दिसेनासा झाला की मोबाइलची रेंज जाते आणि दुकानाचा दिवसभराचा गल्ला विचारल्याशिवाय ज्याला घास गोड लागत नाही तो सराफ किंवा आडत्या दुसऱ्या तासाला पॅक विकत घेतो. गरज खरी आहे, म्हणूनच ती आधीच अटळ खर्चात धरावी. टाळू असे म्हणून टाळता न येणारी गोष्ट हिशेबात सर्वांत धोक्याची.

एक गोष्ट भारतीय जहाजाच्या बाजूने नोंदवली पाहिजे. 2021 च्या सप्टेंबरपासून मुंबईहून फिरणारे कॉर्डेलिया कंपनीचे 'एम्प्रेस', म्हणजे 1990 साली 'नॉर्डिक एम्प्रेस' म्हणून सेवेत आलेली जुनी बोट, तिच्यावर मूळ जेवण तिकिटात असते आणि जैन जेवणाचीही सोय होते. 'जेवण धरीसन' या कसोटीला ती उतरते. पाणी वगळता बाकीच्या पेयांचे काय, हा पुढचा प्रश्न विचारायला मात्र आपल्याकडे संकोच वाटतो.

किनाऱ्यावरची सहल म्हणजे विमा

जहाज बंदराला लागले की कंपनी स्वतःची सहल विकते. तीच स्थळे, तीच बस, भाव बराच चढा. स्वतः फिरणाऱ्याला हा भाव लूट वाटतो. पण त्यात एक वस्तू दडलेली असते: कंपनीच्या सहलीची बस उशिरा परतली तर जहाज तिच्यासाठी थांबते, तुमच्या टॅक्सीसाठी थांबत नाही. म्हणजे जादा रक्कम हा विम्याचा हप्ता आहे. मग प्रश्न लुटीचा उरत नाही. जहाज चुकण्याची शक्यता किती आणि चुकलेच तर नुकसान किती, या दोहोंच्या गुणाकाराशी हप्ता ताडून पाहायचा. याचे उत्तर बंदरागणिक बदलते.

गोव्याच्या मुरगाव बंदराचे घ्या. धक्क्याला लागून वास्को शहर आहे, कदंबच्या बसगाड्या आहेत, 2022 च्या डिसेंबरपासून नवा झुआरी पूल आहे, पणजी साधारण 30 किलोमीटर. समजा जहाज सकाळी 8 ला लागले आणि संध्याकाळी 6 ला सुटणार. उतरण्याच्या रांगेचा एक तास, सुटण्याआधी परतण्याचा एक तास आणि राखीव दीड तास वजा करा. हाती साडेसहा तास उरतात. त्यात पणजी आणि जुने गोवे आरामात बसते, दूरचे पाळोळे बसवायचा हट्ट करू नये. आता नुकसान पाहू. जहाज चुकले तर बॅग तेवढी मुंबईला पुढे जाईल आणि तुम्ही बसने किंवा रेल्वेने मागून जाल. खानदेशच्या माणसाला तर मुंबईही गाठायची गरज नाही, वास्कोहून सुटणारी गोवा एक्सप्रेस भुसावळवरूनच दिल्लीला जाते. ज्या बंदरात सर्वांत वाईट प्रसंगाची किंमत एक रेल्वे तिकीट आणि थोडी धावपळ एवढीच आहे, तिथे विम्याला चढा हप्ता भरणे हा तोट्याचा व्यवहार आहे. हेच जहाज गोव्याहून पुढे लक्षद्वीपला जाणार असेल तर चुकल्यावर उरलेले सगळे तिकीट बुडते आणि राखीव वेळ दीडाचा अडीच तास करावा लागतो.

कोची याहून सोपे. विलिंग्डन बेट हेच मुळी बंदर खोल करताना काढलेल्या गाळाचे मानवनिर्मित बेट. जहाजे तिथल्या धक्क्याला लागतात. 2023 मध्ये सुरू झालेल्या वॉटर मेट्रोने फोर्ट कोचीची फेरी थोड्या रुपयांत होते आणि मट्टनचेरीच्या गल्ल्या पायी पाहण्याच्याच आहेत. तिथल्या गौड सारस्वतांची कोकणी कानावर पडली की गोव्याहून निघालेली माणसे शतकांपूर्वी विना-पॅकेज इथवर आली होती हे ध्यानात येते.

लक्षद्वीपच्या अगत्तीला गणित उलटते. प्रवाळाच्या उथळ लगूनमध्ये मोठे जहाज शिरत नाही. ते बाहेर नांगर टाकते आणि लहान बोटींनी माणसे किनाऱ्यावर नेली जातात. लाट वाढली तर उतरणेच रद्द होऊ शकते. शिवाय लक्षद्वीपला प्रवेश परवान्याशिवाय पाऊल ठेवता येत नाही, 1967 चे नियम त्यासाठीच आहेत. तिथे 'मी माझा फिरेन' याला अर्थ उरतो तो वाळूवर पाय टेकल्यानंतरच, आणि मग बेट इतके चिंचोळे की वाहनाचे कामच नाही. बोट आणि परवाना कंपनीचा, चालणे आपले. इथला हप्ता भरण्याजोगा आहे, कारण चुकलेल्या माणसाला मागून गाठायला रेल्वे नाही. अलीकडे एका विमान कंपनीचे लहान विमान गोव्याहून अगत्तीला जाते आणि तिनेच 2024 मध्ये जळगाव-गोवा सेवा सुरू केली. ज्याला बेटच पाहायचे आहे त्याने जहाजाचा फाटा वगळून हा मार्गही तोलून पाहावा.

या तिन्हींपलीकडे चौथा प्रकार जगात वाढतो आहे: कंपनीच्या मालकीचे बेट. नॉर्वेजियन कंपनीने 1977 मध्ये बहामातले ग्रेट स्टिरप के घेतले, रॉयल कॅरिबियनने 2019 मध्ये कोकोके नव्याने सजवून उघडले. बंदरात उतारू कंपनीच्या हातून निसटत होता, तेव्हा कंपन्यांनी बंदरच विकत घेतले. तिथे स्वतंत्र भटकंतीची भाषा करणे म्हणजे यात्रा कंपनीच्या बसमध्येच बसून प्रदक्षिणा घालणे.

खानदेशाला बेटे नवी नाहीत, हेही सांगायला हवे. आपले सर्वांत ओळखीचे बेट नर्मदेतले मांधाता. ओंकारेश्वरला पोचलेला जळगावकर पुलाने जायचे की नावेने हे घाटावर उभा राहून ठरवतो, नावेचा भाव करतो, जमले तर पायी परिक्रमाही करतो. द्वारकेच्या यात्रेत बेट द्वारकेला ओख्याहून बोट लागे. 2024 च्या फेब्रुवारीत सुदर्शन सेतू झाला आणि बोट ही गरज राहिली नाही, हौस झाली. पर्याय आला की बोटवाल्याचा भाव आपोआप ताळ्यावर येतो. क्रूझवर हा पर्याय फक्त बंदरात असतो, म्हणून बंदराचे तास हेच उतारूच्या हातातले एकमेव वजन.

यावर एक आक्षेप वाजवी आहे. गुडघे गेलेली आई, रेल्वेडब्यांच्या पायऱ्या, दर मुक्कामी बदलणारे लॉज यांपुढे जहाज हे वरदान आहे. बॅग एकदा ठेवली की झाले, लिफ्ट आहे, जेवण हाताशी आहे. अशा कुटुंबाने बंदरात उतरलेच पाहिजे असे नाही, आणि त्यांच्या हिशेबात तिकीट ही प्रवेश फी नसून पूर्ण खरेदी ठरते. दोन-तृतीयांश जहाज खाली उतरलेले असताना रिकाम्या डेकवर मिळणारी शांतता तर दरपत्रकातही नसते.

राहिला तो खर्च जो कुठल्याच पत्रकात येत नाही. क्रूझचा भाव बॅलार्ड इस्टेटच्या दारापासून सुरू होतो, आपला जळगावच्या फलाटापासून किंवा धुळ्याच्या बसस्थानकापासून. रात्रीच्या गाडीने निघालेला पहाटे मुंबईत पोचतो आणि जहाजात चढण्याची वेळ बहुधा दुपारची. मधले सात-आठ तास बॅगांसह काढायचे म्हणजे प्रतीक्षालय, नाष्टा, टॅक्सी. परतीला जहाज सकाळी लागते आणि सोयीची गाडी रात्रीची, पुन्हा तेच. दोन रात्रींच्या सहलीला असे दोन अर्धे दिवस आणि दोन रात्री चिकटतात, पाच रात्रींच्या सहलीलाही तेवढ्याच. म्हणून मुंबईकराला दोन रात्रींची फेरी परवडते, खानदेशच्या माणसाला दर रात्रीचा भाव काढला तर लांबची फेरी स्वस्त पडते. एजंट त्याला आधी छोटी फेरीच दाखवतो, कारण पत्रकावर तिचा आकडा लहान असतो.