सुरक्षा फेरीची कुळकथा

रस्ता सुरक्षित आहे की नाही, हे दिवसाउजेडी कचेरीत बसून कळत नाही. अंधार पडल्यावर त्याच रस्त्याने घरी जाणाऱ्या बाईलाच ते विचारावं लागतं. तिच्या या माहितीला रीतसर पद्धतीचं रूप मिळालं ते १९८९ मध्ये, कॅनडातल्या टोरांटोत.

बायकांवरच्या अत्याचारांनी शहर हादरल्यावर १९८४ मध्ये तिथे ‘मेट्रॅक’ ही संस्था उभी राहिली. तिनं ‘सेफ्टी ऑडिट’ची, म्हणजे सुरक्षा फेरीची, घडी बसवली. चार-सहा जणी रात्री ठरलेल्या वाटेनं चालत जातात. दिवा लागलाय, पण फांद्यांत झाकला गेलाय का? उजेड गाड्यांपुरताच आहे की पायी चालणाऱ्यांवरही पडतो? वळणापलीकडचं दिसतं का? हाक मारली तर कुणी ऐकेल का? सगळं जागेवरच टिपून घ्यायचं आणि मग नेमकं मागायचं: ही फांदी छाटा, हा खांब हलवा.

शहरांच्या अभ्यासक जेन जेकब्ज यांनी तर १९६१ मध्येच लिहिलं होतं की रस्त्याची राखण त्यावरची वर्दळ आणि दुकानदार, शेजारी यांची नजर करते. उंच कुंपणानं ही नजरच अडते.

भारतात सुरक्षा फेरीची ही पद्धत दिल्लीच्या ‘जागोरी’ या महिला संस्थेनं रुजवली. २०१३ मध्ये ‘सेफ्टीपिन’ ॲपनं ती मोबाइलवर आणली. मुंबईत ‘पुकार’ या संस्थेच्या संशोधनातून शिल्पा फडके, समीरा खान आणि शिल्पा रानडे यांचं ‘व्हाय लॉयटर?’ हे पुस्तक २०११ मध्ये आलं. बाईला सार्वजनिक जागी कामाचं निमित्त दाखवावं लागतं. तिला तिथे विनाकारण रेंगाळताही आलं पाहिजे, हे त्यांचं म्हणणं. मला ते मनापासून पटतं. पुरुष पारावर तासन्‌तास बसतात, बाईला तिथे जायला पाणी, दळण, देवदर्शन असं काहीतरी सांगावं लागतं.

म्हणून ही फेरी शहरापुरती ठेवू नये. इंदापूर तालुक्यातल्या वरकुट्यासारख्या गावातली मुलगी शिकायला इंदापूर-बारामतीला जाते. एसटी स्टँडवर बसायला उजेडातला बाक, उघडं स्वच्छतागृह आणि उतरल्यावर घरापर्यंत पेटते दिवे, एवढं तिला मिळालंच पाहिजे. महाराष्ट्रात ग्रामसभेआधी महिलांची सभा घ्यावी लागते. आदल्या रात्री बायकांनी गावातून फेरी काढावी, टिपणं त्या सभेत वाचावीत आणि कोणता दिवा कधी लागणार, हे ग्रामसभेच्या ठरावात लिहून घ्यावं.