दोन शेर, एक नाव

महाराष्ट्राबाहेर संसार थाटलेल्या कित्येक मराठी घरांत आजीच्या किंवा पणजीच्या हस्ताक्षरातील पाककृतींची एखादी वही जपलेली असते. तीतील ‘शेर’ आपण बिनदिक्कत ९३३ ग्रॅम धरतो आणि हिशेब मांडतो. अर्थशास्त्राचा विद्यार्थी आणि सरकारी नोकर या दोन्ही नात्यांनी मला हा हिशेब धोक्याचा वाटतो.

कारण शेर एक नव्हताच. गूळ, तूप तराजूत जोखले जाई. धान्य मापाने भरले जाई. मराठी दप्तरांत मापाने मोजलेल्या धान्याला ‘कैली’ हा शब्द आहे. दोन कोळव्यांचे चिपटे, दोन चिपट्यांचे मापटे, दोन मापट्यांचा शेर, चार शेरांची पायली, बारा पायल्यांचा मण, वीस मणांची खंडी. म्हणजे कैली मणात ४८ शेर, तर बंगाली म्हणून पुढे रूढ झालेल्या वजनी मणात ४०. नाव तेच, वस्तू निराळी. शिवाय कैली शेर गावागणिक बदले, आणि माप शिगेचे भरायचे की हात फिरवून सपाट, हा प्रश्न उरेच. सारा धान्यात घेतला जाई तेव्हा मापावरची ती शीग म्हणजे दरात न दिसणारा करच. जुने दर किलोत बदलून तौलनिक तक्ते करणाऱ्यांनी हे विसरू नये.

कंपनी सरकारने १८३३ साली १८० ग्रेनचा, म्हणजे रुपयाच्या वजनाचा, तोळा प्रमाण मानला. ८० तोळ्यांचा शेर त्यातूनच आला. १९३९ च्या केंद्रीय कायद्याने तो देशभरासाठी ठरवला, पण कायद्याच्या नावातच ‘वजन’ होते. धान्याची मापे तशीच राहिली. १९५६ च्या कायद्याने दशमान पद्धत आली आणि १९६२ पर्यंत टप्प्याटप्प्याने लागू झाली. धान्य मापातून उठून तराजूत गेले आणि शिगेचा वाद संपला. सामान्य माणसाच्या दृष्टीने हा सुधार मला फार मोठा वाटतो.

स्वयंपाकघराने मात्र हा कायदा मानला नाही, आणि ते योग्यच झाले. कमलाबाई ओगले यांच्या १९७० सालच्या ‘रुचिरा’ने वाटी-चमचा हेच प्रमाण धरले. वाटी लहान असो वा मोठी, सर्व जिन्नस त्याच वाटीने घेतले तर गुणोत्तर बिघडत नाही. अमेरिकेत फॅनी फार्मर यांनी १८९६ साली सपाट कपाचा आग्रह धरला, तोही शिगेवरचाच उपाय. पण कपातून किलोत जाताना घनता आडवी येते: २४० मिलिलिटरच्या कपात साखर सुमारे २०० ग्रॅम, मैदा जेमतेम १२५.

मी राहतो त्या जयपूरच्या विद्याधर नगरात (१७२७ साली या शहराची आखणी करणाऱ्या विद्याधर भट्टाचार्यांचे हे नाव, नगराचा आराखडा पुण्यात जन्मलेल्या बाळकृष्ण दोशींचा) लाडवांसाठी जाडसर बेसन निराळे मागता येते. आपले बारीक बेसन आणि हे, एकाच वाटीत दोघांचे वजन सारखे भरत नाही. वहीतले तुपाचे प्रमाण मग चुकते, आणि दोष बिचाऱ्या तुपाला.

वजन आणि माप यांचा झगडा सरकारदरबारीही मिटलेला नाही. एक लिटर खाद्यतेल साधारण ९१० ग्रॅम भरते, पण उष्णतेने ते फुगते. काही उत्पादक चढ्या तापमानाचे लिटर पाकिटावर छापत. तेवढ्या लिटरात तेल कमी. ऑगस्ट २०२२ मध्ये ग्राहक व्यवहार विभागाने तापमानाचा उल्लेख न करता परिमाण द्यावे आणि ते वजनाशी जुळावे, असे निर्देश दिले.

तेव्हा वही उघडाल तेव्हा आधी पाहावे की ‘शेर’ तुपापुढे लिहिला आहे की तांदळापुढे. जवळपास चिपटे-मापटे आढळले तर तो कैली समजावा. घरात जुने मापटे उरले असेल तर ते पाण्याने भरून ते पाणी मोजावे, आणि दुप्पट करून आकडा वहीच्या समासात लिहून ठेवावा.