रापण ते एलईडी : गोव्याच्या समुद्रातील यंत्रयुग आणि मर्यादेचा प्रश्न

दरवर्षी १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस पश्चिम किनाऱ्यावर यांत्रिक मासेमारीला बंदी असते. मालिम, कुटबण, शापोरा, वास्कोचा खारीवाडा येथील धक्क्यांवर ट्रॉलर विसावतात, बाजारात मासळीचे दर चढतात आणि बंदीच्या कालावधीवरून वाद झडतात. पावसाळा हा अनेक जातींच्या माशांचा विणीचा हंगाम असतो आणि समुद्रही खवळलेला असतो, हे बंदीमागील सर्वपरिचित कारण आहे. परंतु सहा-सात दशकांपूर्वी अशा आदेशाची फारशी आवश्यकताच नव्हती. लाकडी होडी आणि वल्ही यांच्या भरवशावर पावसाळ्यात खोल समुद्रात जाणे बहुतेकांना शक्य नव्हते. समुद्राने घातलेली मर्यादा यंत्राने ओलांडली, म्हणून ती कायद्याने घालावी लागली. गोव्याच्या मासेमारीत तंत्रज्ञानाने जे बदल घडवले, त्यांचे मर्म यात आहे.

रापण : साधन आणि समाज

रापण हे किनाऱ्यावरून ओढावयाचे लांबलचक जाळे. माशांचा थवा किनाऱ्याजवळ आल्याचे दिसले की होडीतून जाळे अर्धवर्तुळाकार सोडत नेतात आणि त्याची दोन्ही टोके किनाऱ्यावर आणतात. मग दोन बाजूंना उभी राहिलेली माणसे दोर ओढू लागतात. चाळीस-पन्नास आणि मोठ्या रापणीला त्याहूनही अधिक हात लागत. बांगडे, तारले, पेडवे असे थव्याने फिरणारे मासे ही रापणीची मुख्य मिळकत होती. मिळालेल्या मासळीचे वाटे जाळ्याचा मालक, होडी आणि ओढणारे यांच्यात ठरलेल्या रीतीने पडत. विक्रीसाठी स्त्रिया तेथेच पाट्या भरत. भरघोस रापण झाली की उरलेले तारले माडांना खत म्हणून जात.

हा काळ म्हणजे रामराज्य नव्हते. जाळी व होड्यांची मालकी मोजक्यांकडे असे, कर्जाचा फास असे आणि ओढणाऱ्याच्या वाट्याला थोडेच येई. रापणीच्या बारीक आसाच्या भागात लहान मासळीही सापडे. तरीही या पद्धतीत काही मर्यादा अंगभूत होत्या. रापण माशांचा पाठलाग करू शकत नव्हती, तर मासे किनाऱ्याजवळ येण्याची वाट पाहत होती. माणसाच्या बाहूंत जेवढे बळ, तेवढेच जाळे ओढले जाई. शिवाय एका जाळ्याला गावातील अनेकांचे हात लागत असल्याने मिळकत थोडीफार का होईना, पण अनेक घरांत पोहोचत असे.

यंत्राचे आगमन

भारतातील मासेमारीच्या यांत्रिकीकरणाची पायाभरणी केरळात झाली. भारत, नॉर्वे आणि संयुक्त राष्ट्रसंघ यांच्यातील १९५२ च्या करारातून कोल्लमजवळच्या नींडकरा परिसरात इंडो-नॉर्वेजियन प्रकल्प उभा राहिला. मच्छीमारांचे उत्पन्न आणि आरोग्य सुधारावे, हा त्याचा मूळ हेतू होता. पुढे कोळंबीला परदेशातून मोठी मागणी येऊ लागली आणि प्रकल्पाचा व धोरणाचा कल समुद्रतळावरील कोळंबी काढणाऱ्या ट्रॉलरकडे वळला. गोवा १९६१ मध्ये मुक्त झाल्यानंतर येथेही कर्ज व अनुदानाच्या आधारे ट्रॉलर येऊ लागले. त्यांच्या मागोमाग पर्ससीन जाळीही आली.

या दोन साधनांतील फरक लक्षात घेण्यासारखा आहे. ट्रॉलर आपल्या मागे पिशवीच्या आकाराचे जाळे समुद्रतळाशी ओढत नेतो. जाळ्याचे तोंड उघडे राहावे म्हणून त्याच्या दोन्ही बाजूंना जड फळ्या लावलेल्या असतात. पर्ससीन जाळ्याने थव्याभोवती भिंत उभारली जाते आणि खालची दोरी खेचून बटव्याचे तोंड आवळावे तसा जाळ्याचा तळ बंद केला जातो. बांगडे आणि तारले हे रापणीचेच मासे आता किनाऱ्याजवळ येण्यापूर्वीच पकडले जाऊ लागले. मासळीचा लिलाव किनाऱ्याऐवजी धक्क्यावर होऊ लागला आणि घाऊक व्यापारी, बर्फाचे कारखाने व निर्यातदार यांची साखळी तयार झाली. रापणीच्या कडेला पाटी घेऊन उभ्या राहणाऱ्या स्त्रीला त्या लिलावात मोठ्या खरेदीदाराशी स्पर्धा करावी लागली.

पाच किलोमीटरची रेषा

१९७० च्या दशकात रापणकार आणि ट्रॉलरमालक यांच्यातील संघर्ष तीव्र झाला. मोर्चे आणि उपोषणे झाली, तसेच समुद्रात चकमकीही उडाल्या. माथानी साल्ढाणा यांच्या नेतृत्वाखाली रापणकार संघटित झाले. गोव्यातील हा लढा देशभरातील पारंपरिक मच्छीमारांच्या चळवळीचा एक आरंभबिंदू ठरला आणि १९७८ मध्ये पुढे राष्ट्रीय मच्छीमार मंच म्हणून ओळखली गेलेली संघटना आकारास आली. तत्पूर्वी केंद्राने नेमलेल्या मजुमदार समितीने निरनिराळ्या होड्यांसाठी समुद्रात वेगवेगळी क्षेत्रे आखण्याचा विचार मांडला होता. त्यातून राज्यांसाठी आदर्श कायद्याचा मसुदा निघाला.

‘गोवा, दमण व दीव सागरी मासेमारी नियमन कायदा’ १९८० मध्ये संमत झाला. त्यानुसार किनाऱ्यापासून ५ किलोमीटरपर्यंतचा पट्टा पारंपरिक मच्छीमारांसाठी राखण्यात आला. केरळने त्याच वर्षी आणि महाराष्ट्राने १९८१ मध्ये असाच कायदा केला. केरळमधील पर्ससीन व तत्सम जाळ्यांवरील बंदी न्यायालयात गेली, तेव्हा १९९३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने राज्याच्या बाजूने निर्णय दिला. ज्यांचा उदरनिर्वाह समुद्रावरच आहे त्या पारंपरिक मच्छीमारांचे हित जपण्यासाठी राज्य यांत्रिक मासेमारीवर निर्बंध घालू शकते, हे त्यामुळे स्पष्ट झाले.

मात्र जमिनीवरचे कुंपण दिसते, तशी पाण्यावरची रेषा दिसत नाही. कोळंबी बहुधा उथळ पाण्यात असल्याने ट्रॉलरला राखीव पट्ट्याचाच मोह पडतो. रात्रीच्या अंधारात रेषा कोणी ओलांडली, हे सिद्ध करणे गस्तीच्या बळावर अवलंबून असते. कायद्याची दुर्बलता येथेच उघडी पडते.

तळ खरवडणारे जाळे

ट्रॉलरच्या जाळ्यात केवळ कोळंबी येत नाही. खेकडे, शंख-शिंपले, लहान शार्क, विक्रीयोग्य माशांची पिल्ले असे सारेच त्यात ओढले जाते. यातील कमी मोलाचा भाग पूर्वी समुद्रात फेकून दिला जाई. मासळीच्या भुकटीचे व तेलाचे कारखाने वाढल्यापासून त्यालाही गिऱ्हाईक मिळाले. ही भुकटी कोंबड्यांच्या आणि संवर्धित कोळंबीच्या खाद्यात वापरली जाते. त्यामुळे पिल्ले पकडणे टाळण्याऐवजी ती विकण्याचीच सोय झाली. जाळ्याच्या शेवटच्या भागाचा आस चौकोनी व पुरेसा मोठा असावा, असे नियम आहेत. केरळने तर ५८ जातींसाठी पकडता येणारा किमान आकारच निश्चित केला आहे. पिल्लू मोठे होण्यापूर्वीच पकडले, तर त्याचे वजनही मिळत नाही आणि त्याची पुढची पिढीही मिळत नाही, असा यामागचा साधा हिशेब आहे.

प्रकाशाचे आमिष

गेल्या दशकात एलईडी दिव्यांनी या वादाला नवे वळण दिले. प्रकाशाकडे अनेक सागरी जीव आकर्षित होतात, हे मच्छीमार पूर्वापार जाणतात. परंतु जनित्रावर चालणाऱ्या प्रखर दिव्यांनी मोठ्या क्षेत्रातील मासळी एका जागी गोळा करता येते आणि पर्ससीनने ती एकाच वेळी वेढता येते. दोन ट्रॉलरनी एकच जाळे ओढण्याची बुल ट्रॉलिंगची पद्धतही अशीच विध्वंसक आहे. केंद्र सरकारने १० नोव्हेंबर २०१७ च्या आदेशाने राज्यांच्या हद्दीपलीकडील अनन्य आर्थिक क्षेत्रात या दोन्हींवर बंदी घातली. राज्यांची हद्द किनाऱ्यापासून १२ सागरी मैल, म्हणजे सुमारे २२ किलोमीटर असते. तेथील नियमनाची जबाबदारी राज्य सरकारांवर आहे. बंदी असूनही रात्री क्षितिजावर दिव्यांच्या रांगा दिसतात, अशा तक्रारी गोवा व सिंधुदुर्गच्या किनाऱ्यांवरून वारंवार येतात.

सारा दोष यंत्राचाच?

मासळी घटण्याचे खापर एकट्या ट्रॉलरवर फोडणे योग्य नाही. केरळात २०१२ मध्ये तारल्यांचे उत्पादन सुमारे ४ लाख टनांच्या विक्रमी पातळीवर होते. २०२१ पर्यंत ते अवघ्या काही हजार टनांवर आले. त्यामागे अतिरिक्त मासेमारीबरोबरच सागरी तापमान आणि एल निनोसारखे घटकही असल्याचे शास्त्रज्ञ सांगतात. नद्यांतून येणारे प्रदूषण आणि किनाऱ्यावरील बांधकामे यांचाही भार समुद्रावर पडतो. दुसरीकडे, पारंपरिक म्हणवल्या जाणाऱ्या होडीलाही आता मोटर आणि नायलॉनचे जाळे आहे. ट्रॉलरवर राबणारे खलाशी बहुधा ओडिशा, झारखंड, आंध्र प्रदेश, कर्नाटक येथून आलेले गरीब कामगार असतात. बंदी अमलात आणताना त्यांच्या पोटाचाही विचार करावा लागतो.

तंत्रज्ञानाची दुसरी बाजूही आहे. हैदराबाद येथील भारतीय राष्ट्रीय महासागर माहिती सेवा केंद्र उपग्रहांनी मोजलेले पाण्याचे तापमान आणि हरितद्रव्य यांच्या आधारे मासळीची संभाव्य क्षेत्रे कळवते आणि वादळांचे इशारेही देते. त्यामुळे इंधन वाचते व जीवही वाचतात. नौकेचे स्थान दाखवणारी उपकरणे सक्तीने बसवून त्यांच्या नोंदी तपासल्या, तर पाच किलोमीटरची अदृश्य रेषाही दिसू शकते.

मर्यादा कोणी घालायची?

नवे साधन येते तेव्हा त्यापासून होणारा लाभ लगेच मोजला जातो आणि तो ज्याच्याकडे भांडवल आहे त्याला मिळतो. हानी मात्र उशिरा दिसते आणि ती ज्याच्याकडे दुसरा उपाय नाही त्याच्या वाट्याला येते. ट्रॉलर आणि त्याला दिलेले अनुदान १९६० च्या दशकात आले, पण पाच किलोमीटरची रेषा १९८० मध्ये आखली गेली. एलईडी दिवे समुद्रात पसरले आणि नंतर त्यांवर बंदी आली. दोन्ही वेळा साधन पुढे आणि नियम मागे राहिला. यापुढे नव्या साधनाला परवाना किंवा अनुदान देण्यापूर्वीच त्याचे परिणाम तपासले जावेत आणि त्या चर्चेत रापणकार, मासळी विकणाऱ्या स्त्रिया व खलाशी यांना स्थान असावे. रापणीच्या दोराला माणसाच्या बळाची मर्यादा होती. यंत्राला तशी मर्यादा नाही. म्हणून ती ठरवण्याची आणि पाळण्याची जबाबदारी समाजाची आहे.