सायकल, कॅलरी आणि पुण्यातलं एक जुनं भांडण

इनडोअर सायकलिंगचा पाऊण तासाचा क्लास संपला की समोरच्या स्क्रीनवर एक आकडा येतो. समजा ४०५ कॅलरी. लोक घाम पुसत त्याचा फोटो काढतात, ग्रुपवर टाकतात, आणि मग त्या आकड्याच्या जोरावर दिवसभर काय काय खाता येईल याचा हिशोब सुरू होतो. एका वडापावच्या साधारण ३०० धरल्या तर शंभर अजून शिल्लक!

आता हा आकडा येतो कुठून? आपण इंजिनियर लोक, तेव्हा आधी आकडेमोड. सरासरी १५० वॅटने ४५ मिनिटं पेडल मारलं तर काम होतं १५० × २७०० = ४०५ किलोज्यूल. कॅलरीत (म्हणजे किलोकॅलरीत, पण सगळे कॅलरीच म्हणतात) ते जेमतेम ९७ भरतात. पण माणसाचं शरीर हे एक सुमार इंजिन आहे, त्याची कार्यक्षमता २० ते २५ टक्के. म्हणजे ९७ चं काम करायला चौपट इंधन जळतं. एक कॅलरी म्हणजे ४.१८ किलोज्यूल, आणि कार्यक्षमता साधारण एक चतुर्थांश, त्यामुळे दोन्ही गुणक एकमेकांना जवळजवळ खाऊन टाकतात आणि किलोज्यूलचा आकडा तसाच उचलून कॅलरी म्हणून दाखवला तरी चालतो. बऱ्याच मशिन्स तेच करतात. त्यातल्या साठेक कॅलरी तुम्ही तो पाऊण तास खुर्चीत बसून काढला असता तरी जळल्याच असत्या, पण ते स्क्रीन सांगत नाही. असो.

गंमत म्हणजे जागेवरची सायकल आणि अन्नाची कॅलरी यांचं नातं जिमच्या आधीचं आहे. विल्बर अ‍ॅटवॉटर नावाच्या अमेरिकन रसायनशास्त्रज्ञाने १८९०च्या दशकात कनेक्टिकटमधल्या मिडलटाउनला माणूस आत राहू शकेल अशी एक बंद पेटी बांधली. माणूस त्यात काही दिवस राहायचा, मोजूनमापून दिलेलं खायचा, आणि त्याच्या अंगातून निघणारी उष्णता, सोडलेला कार्बन डायऑक्साइड सगळं मोजलं जायचं. काम करून घ्यायला आत एक स्थिर सायकल होती. वजन उतरवणं हा विषयच नव्हता. कामगाराला कमीत कमी पैशांत पुरेसं इंधन कसं द्यायचं, हा अ‍ॅटवॉटरचा मोठा प्रश्न होता. पुढे १९५०च्या दशकात स्वीडनमध्ये तपासणीसाठी एर्गोमीटर सायकली आल्या, १९६८ मध्ये केनेथ कूपरच्या पुस्तकाने 'एरोबिक्स' हा शब्द घरोघरी नेला, आणि १९८०च्या दशकाच्या शेवटी कॅलिफोर्नियात जॉनी गोल्डबर्गने गाणी लावून, दिवे मंद करून 'स्पिनिंग' सुरू केलं. हा भाग इंटरनेटवर भरपूर सापडेल, त्यामुळे मी पुढे जातो. मला रस आहे तो कॅलरी आपल्याकडे कशी आली यात.

माणसाला जगायला किती लागतं हा प्रश्न आपल्याकडे कॅलरी या शब्दाच्या आधी आला, आणि तो दुष्काळात आला. १८७६-७७ च्या दुष्काळात सर रिचर्ड टेम्पल यांनी सरकारी कामावरच्या मजुराला दिवसाला एक पौंड धान्य आणि वर किरकोळ पैसे पुरेत असं ठरवलं. मुंबई इलाख्यात मजुरांनी या कपातीविरुद्ध कामं सोडली, पुण्याच्या सार्वजनिक सभेने त्यांची बाजू लावून धरली. एक पौंड धान्य म्हणजे आजच्या हिशोबाने साधारण १६०० कॅलरी. आज कुठल्याही डाएटिशियनकडे गेलात तर १५००चा चार्ट हातात मिळतो. फरक इतकाच, की टेम्पलसाहेबांचा माणूस तेवढ्यावर दिवसभर खडी फोडत होता.

मग थेट १९७१. पुण्याच्या गोखले इन्स्टिट्यूटचे वि. म. दांडेकर आणि नीळकंठ रथ यांनी 'पॉव्हर्टी इन इंडिया' लिहिलं. विचार अगदी सरळ होता. माणशी दिवसाला २२५० कॅलरी लागतात असं धरा. एवढ्या कॅलरी पोटात जाणारी कुटुंबं महिन्याला किती खर्च करतात ते सरकारी पाहणीतून शोधा. १९६०-६१ च्या किमतींना हा खर्च खेड्यात माणशी १५ रुपये आणि शहरात साडेबावीस रुपये निघाला. त्याहून कमी खर्च करणारे गरीब. उत्तर आलं: खेड्यातले सुमारे ४० टक्के आणि शहरातले सुमारे ५० टक्के लोक रेषेखाली. पुढे १९७९ मध्ये नियोजन आयोगाच्या कृतिगटाने खेड्यासाठी २४०० आणि शहरासाठी २१०० असे आकडे घेतले आणि कॅलरी ही सरकारी मोजपट्टी झाली. म्हणजे आपल्या आईवडिलांच्या पिढीत कॅलरी हा शब्द गरिबीच्या संदर्भात यायचा. 'बर्न' वगैरे करायची ती गोष्टच नव्हती.

याला आव्हान दिलं पां. वा. सुखात्मे यांनी. सातारा जिल्ह्यातल्या बुध गावचे, जगभर नाव असलेले संख्याशास्त्रज्ञ. १९५१ पासून वीसेक वर्षं रोमला संयुक्त राष्ट्रांच्या अन्न आणि शेती संघटनेत संख्याशास्त्र विभागाचे प्रमुख, आणि नंतर पुण्यात, आज जिला आघारकर संशोधन संस्था म्हणतात तिथे. गोखले इन्स्टिट्यूटपासून चालत जाण्याच्या अंतरावर! म्हणजे अख्ख्या देशाची भूक मोजायची कशी हा वाद डेक्कनच्या दोन-चार रस्त्यांत चालू होता.

सुखात्म्यांचा पहिला मुद्दा आपल्याला लगेच पटेल. २२५० ही जर सरासरी गरज असेल, तर पूर्ण निरोगी, खाऊनपिऊन सुखी लोकसंख्येतही जवळपास निम्मे लोक त्याखालीच असणार. सर्व्हरच्या अलर्टचा थ्रेशोल्ड सरासरीवर लावला तर काय होईल? रात्रभर फोन वाजेल. तेव्हा रेषा सरासरीच्या बरीच खाली हवी. दुसरा मुद्दा जास्त खोल होता. बर्कलीच्या शेल्डन मार्गेन यांच्याबरोबर त्यांनी मांडलं की एकाच माणसाची गरजसुद्धा स्थिर नसते. ती आठवड्यागणिक वरखाली होते आणि शरीर एका मर्यादेत स्वतःच जुळवून घेतं. कमी मिळालं तर कमी खर्चात भागवतं. त्या मर्यादेच्या आतला माणूस कमी खातो म्हणून त्याला कुपोषित म्हणू नका. नुसतं धान्य वाढवून भागणार नाही, स्वच्छ पाणी आणि स्वच्छता बघा, असंही ते सांगत राहिले.

हे मान्य केलं की उपाशी लोकांची संख्या एकदम उतरते. वाद पेटला तो इथे. दांडेकरांच्या बाजूचं उत्तर असं: एका माणसाचं वरखाली होत असेल, पण आम्ही मोजतोय ते गट. लाखो गरीब कुटुंबांची सरासरी जर श्रीमंतांपेक्षा सातत्याने खाली असेल तर तो काही शरीराचा चढउतार नव्हे, त्यांच्याकडे पैसे नाहीत एवढाच त्याचा अर्थ. १९८०च्या दशकात 'लहानखुरे पण निरोगी' अशी एक कल्पना डेव्हिड सेक्लर या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने मांडली, तेव्हा पोषणतज्ज्ञ सी. गोपालन यांनी तर सरळ विचारलं की हे निरोगीपण फक्त गरिबांसाठीच का?

हा वाद मला पुस्तकी वाटत नाही त्याचं कारण दापोडे. भिवंडी तालुक्यात माणकोली नाक्याजवळचं हे गाव. मुंबईच्या जकातीच्या हद्दीबाहेर माल ठेवायचा म्हणून या पट्ट्यात गोदामं उभी राहिली. जकात २०१७ मध्ये जीएसटीबरोबर गेली, गोदामं वाढतच राहिली. आमचं सॉफ्टवेअर तिथल्या एका गोदामात चालतं, त्यामुळे महिन्यातून दोन-तीनदा जाणं होतं. मी पंख्याखाली लॅपटॉप घेऊन बसतो आणि समोर डॉकवर हमाल कंटेनर रिकामा करत असतात. एकदा त्यात व्यायामाच्या सायकलींची खोकी होती. एका खोक्याला दोघं, अर्ध्या तासात सगळी आत! आयसीएमआरच्या २०२० च्या तक्त्यात ६५ किलोच्या बैठं काम करणाऱ्या पुरुषाला दिवसाला २११० कॅलरी लागतात, जड काम करणाऱ्याला ३४७०. माझ्यात आणि त्या डॉकवरच्या माणसात १३६० कॅलरींचं अंतर. स्क्रीनवरच्या ४०५ च्या हिशोबाने तीन क्लासपेक्षा जास्त, रोज. त्याच्या डब्यातला भाताचा डोंगर बघून आपल्याकडचे लोक 'केवढे कार्ब्स' म्हणतात. त्याला तेच इंधन आहे. आणि त्याला कोणी सांगितलं की 'कमी खाल्लंस तरी तुझं शरीर जुळवून घेईल', तर मला तरी ते ऐकवणार नाही.

पण शरीर जुळवून घेतं हे खरंच आहे, आणि ते सर्वात स्वच्छ दिसतं आपल्यासारख्या वजन उतरवणाऱ्यांत. १९९५ मध्ये लायबेल आणि सहकाऱ्यांनी लोकांचं वजन १० टक्के उतरवून मोजलं. चरबी सोडून शरीराचं जे वजन उरतं त्याच्या दर किलोमागे रोजचा खर्च ६ ते ८ कॅलरींनी घटला होता. असं वजन ५० किलो धरलं तर रोजच्या ३०० ते ४०० कॅलरी झाल्या. म्हणजे एक अख्खा क्लास शरीराने गुपचूप परत घेतला. २०१२ मध्ये हर्मन पॉन्ट्झर यांनी टांझानियातल्या हाड्झा या शिकारी-संग्राहक लोकांचा रोजचा खर्च मोजला. ते दिवसभर चालतात, खणतात, पण शरीराचा आकार लक्षात घेतला तर त्यांचा एकूण खर्च अमेरिका-युरोपातल्या लोकांइतकाच निघाला. यावर अजून वाद आहे. तरी माझ्या बॅचमध्ये तीन-चार महिन्यांनी सगळ्यांचाच काटा अडकतो आणि लोक इन्स्ट्रक्टरला दोष देतात, तेव्हा मला सुखात्मे आठवतात. सायकलने हृदय सुधारतं, स्नायू साखर जास्त चांगली वापरतात, झोप लागते. वजन मात्र मुख्यतः ताटातच उतरतं.

ताटाबद्दल बोलायचं तर महाराष्ट्रात २०१८ च्या सुमारास दीक्षित की दिवेकर, दोनदाच जेवायचं की दर दोन तासांनी, यावरून घराघरांत जी भांडणं झाली ती तुम्हाला आठवत असतील. आमच्याकडे तर लग्नाच्या पंगतीत झालं. मला त्याहून जास्त महत्त्वाचं वाटतं ते पुण्यातलंच एक शांत काम. केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांतल्या बायकांचा अभ्यास केला. या बायका स्वतः अंगाने किरकोळ, शेतात राबणाऱ्या. त्यांची बाळं सरासरी २.७ किलोची, इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनची ३.५ किलोची. पण पुण्याच्या बाळांत जे कमी होतं ते स्नायू आणि अवयव. कातडीखालची चरबी मात्र जवळपास टिकून होती. बारीक, तरी चरबीदार. गोपालन यांच्या प्रश्नाचं हे एक उत्तर म्हणायला हरकत नाही. पोटात असतानाची ही काटकसर पुढे मधुमेहाच्या वाटेवर नेते, असं याज्ञिकांचं म्हणणं आहे.

२००४ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन यांचा शेजारी शेजारी फोटो आला. दोघांचा बीएमआय अगदी सारखा, २२.३. युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के, याज्ञिकांच्या २१.२. ज्यांचं बीएमआय 'नॉर्मल' म्हणून ऑफिसच्या हेल्थ चेकअपमध्ये हिरव्या रंगात येतं, त्यांनी हा फोटो जरूर शोधून बघावा आणि मग शिंप्याची टेप घेऊन कंबर मोजावी.

याच अभ्यासात आघारकर संस्थेच्या, म्हणजे सुखात्म्यांच्याच संस्थेच्या, शोभा राव आणि सहकाऱ्यांनी २००१ मध्ये आयांच्या आहाराचा हिशोब मांडला. बाळाच्या आकाराचा संबंध आईने किती कॅलरी किंवा किती प्रथिनं खाल्ली याच्याशी लागला नाही. तो लागला पालेभाज्या, फळं आणि दुधाशी. सरकारी पातळीवर २००९ मध्ये सुरेश तेंडुलकर समितीनेही दारिद्र्यरेषा कॅलरीच्या खुंटीवरून सोडवली.

राव यांचा तो पेपर वाचल्यापासून मी मोजतो ते वेगळंच: आठवड्यात किती वेळा पालेभाजी झाली. पावसाळ्यात हे सोपं असतं. भिवंडीच्या रस्त्यांवर बायका टोपल्या घेऊन बसतात, टाकळा, कुर्डू, सुरुवातीला शेवळं. शेवळं घेतलीत तर बरोबर काकडं मागून घ्या, नाहीतर घशाला खाज सुटेल.